छोट्या श्वानजातींतील दुर्मिळ रंग

१९८४ सालच्या २० जानेवारीस पश्चिम जर्मनीतील हुन्सऱ्युक या डोंगराळ भागात वेर्नर आणि गेरट्रूड बीवर या दांपत्याच्या घरी यॉर्कशायर टेरियर जातीच्या कुत्रीला पिल्ले झाली. हे दांपत्य कित्येक वर्षे या जातीची पैदास करीत होते. पिल्लांचे आईबाप दोघेही शुद्ध वंशाचे होते व दोघांचाही रंग जातीच्या मानकात सांगितल्याप्रमाणे निळा आणि सोनेरी होता. असे असूनही एक पिल्लू पांढऱ्या अंगावर गडद व सोनेरी ठिगळे घेऊन जन्मास आले. त्याचे नाव 'श्नेफ्लोक्शेन', म्हणजे हिमकणिका, असे ठेवण्यात आले.

जातिवंत कुत्र्यांच्या जगात अशा पिल्लाकडे दोन परस्परविरुद्ध नजरांनी पाहिले जाते. एका नजरेला ते वंशाला लागलेला डाग वाटते. बाहेरच्या नराचा संबंध आला असावा अशी शंका घेतली जाते, आणि पिल्लू गुपचूप कोणास तरी देऊन टाकले जाते. दुसऱ्या नजरेला तेच पिल्लू अमोल वस्तू वाटते, कारण जे दुर्मिळ ते मोलाचे हा बाजाराचा न्याय येथेही लागू पडतो. या दोन्ही नजरा पिल्लाचे केस तेवढे पाहतात. केसांना तो रंग कोणत्या कारणाने आला, याची चौकशी त्यांपैकी एकही करीत नाही. आणि कुत्र्याचे आरोग्य तर त्या कारणावरच अवलंबून असते.

प्राण्याच्या प्रत्येक पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व दुसरी बापाकडून आलेली. अंगावर पांढरी ठिगळे उमटविणारे जनुकाचे रूप बव्हंशी अप्रभावी असते. त्याची एकच प्रत असेल तर तिच्या जोडीची नेहमीची प्रत तिला झाकून टाकते, निदान पांढऱ्याचा विस्तार तरी फार होऊ देत नाही. असे दोन 'वाहक' एकत्र आले म्हणजे प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत चारांत एक इतकी शक्यता अशी असते की त्याला दोन्ही प्रती लपलेल्या रूपाच्याच मिळतील. श्नेफ्लोक्शेनच्या आईबापांच्या अंगी हा गुण पिढ्यान् पिढ्या झाकून आलेला होता. बाहेरच्या नराची त्याला गरज नव्हती.

लपलेले जनुक किती दूरवर पसरलेले असू शकते, याची कल्पना साध्या गणिताने येते. समजा, एखाद्या जातीत दर १०,००० पिल्लांत एकच पिल्लू दुर्मिळ रंगाचे निघते. जोड्या कोणतीही निवड न करता जुळत असतील तर त्या जातीत वाहक किती असतील? उत्तर आहे, जवळजवळ दर पन्नासांत एक. आता एखाद्या संघाने ठरविले की दुर्मिळ रंगाच्या एकाही पिल्लाची पुढे पैदास होऊ द्यावयाची नाही, आणि हा नियम काटेकोरपणे पाळलाही, तरी ते जनुक निम्म्याने कमी होण्यास शंभर पिढ्या लागतील. कुत्र्याची पिढी तीन-चार वर्षांची धरली तर हा काळ तीन शतकांहून अधिक होतो. पिढ्यान् पिढ्या 'नको असलेली' पिल्ले बाजूस काढणाऱ्या पैदासकारांच्या हाती फारसे का लागले नाही, हे यावरून ध्यानात येईल.

कुत्र्याच्या केसांतील सर्व रंग दोनच रंगद्रव्यांपासून तयार होतात. युमेलॅनिन हे काळे आणि फिओमेलॅनिन हे पिवळे ते तांबडे. ही द्रव्ये बनविणाऱ्या पेशी गर्भावस्थेत पाठीच्या बाजूस, चेतारज्जूच्या कडेला उत्पन्न होतात व तेथून त्वचेत सर्वत्र पसरतात. त्या जेथे पोहोचत नाहीत, किंवा पोहोचूनही टिकत नाहीत, तेथे केस पांढरे राहतात. म्हणजे पांढरा हा मुळात रंगच नसून रंगपेशींची अनुपस्थिती होय. या पेशींचे काम त्वचेपुरतेच असते तर प्रश्न येथेच संपला असता. परंतु अंतःकर्णातही त्यांची आवश्यकता असते. तेथे त्या नसल्या तर ऐकण्याचे इंद्रिय जन्मानंतर काही आठवड्यांतच निकामी होते. डाल्मेशियन जातीत बहिरेपणा एवढा आढळतो तो यामुळेच. पांढऱ्या ठिगळांच्या पुष्कळ कुत्र्यांत डोके आणि कान मात्र रंगीत राहतात व श्रवणाला धोका पोहोचत नाही.

अमेरिकन आनुवंशिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९५७ साली कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जनुक म्हणजे रासायनिक दृष्ट्या काय, हे तेव्हा नुकते कोठे उमगू लागले होते. लिटल यांनी केवळ वंशावळी आणि पिल्लांची मोजदाद यांवरून रंगांच्या जनुकांची मांडणी केली आणि त्यांना अक्षरे दिली. पुढे अर्धशतकाने, विशेषतः २००२ ते २००९ या काळात, प्रयोगशाळांनी त्यांतील एकेका अक्षरामागचे प्रत्यक्ष जनुक शोधून काढले. लिटल यांची काही अनुमाने चुकीची ठरली. बरीचशी मात्र टिकली, आणि पैदासकार आजही त्यांचीच अक्षरे वापरतात.

यॉर्कशायर टेरियरच्या 'निळ्या'कडे आता वळावयास हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडातून उत्तर इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामास आलेल्या विणकरांनी आपल्याबरोबर लहान टेरियर आणले, आणि उंदीर मारण्यात पटाईत असलेल्या या कुत्र्यांपासून पुढे ही जात घडली. १८६५ साली जन्मलेला 'हडर्सफील्ड बेन' हा नर तिचा मूळपुरुष मानला जातो. तो अवघी सहा वर्षे जगला, पण तेवढ्यात त्याची संतती चोहीकडे पसरली. ब्रिटिश मानकाप्रमाणे या कुत्र्याचे वजन ३.२ किलोग्रॅमपर्यंत असावे लागते. मानेच्या मागच्या भागापासून शेपटीच्या बुडापर्यंत केस गडद पोलादी निळे, आणि डोके, छाती व पाय सोनेरी.

या जातीचे निकोप पिल्लू जन्मतः निळे नसते, हे ऐकून नवख्यास आश्चर्य वाटते. ते काळे आणि सोनेरी जन्मते. पुढे काही महिन्यांत काळ्या केसांचा रंग उतरू लागतो व दोन-तीन वर्षांच्या वयात तो पोलादासारखा होतो. घोड्यांच्या रंगांना मराठीत अबलख, कुमाईत, सब्जा, पंचकल्याणी अशी नेमकी नावे आहेत, आणि राखी-पांढरा घोडा शिंगरू असताना गडद असतो हे घोडे बाळगणारांस ठाऊक असते. यॉर्कशायर टेरियरमधील बदल हा त्याच्यासारखाच क्रमाक्रमाने होणारा पालट होय, जरी दोहोंमागील जनुके वेगळी असली तरी. (कुत्र्यांच्या वाट्यास मात्र मराठीत काळा, पांढरा, तांबडा, कबरा यांपलीकडे फारशी नावे आली नाहीत.)

याच जातीत क्वचित् एखादे पिल्लू खरोखरच निळसर राखी रंग घेऊन जन्मते. त्याचे नाकही काळे नसून पाटीच्या रंगाचे असते. नाव एकच, 'निळा'. पण कारण सर्वस्वी निराळे. रंगपेशीत तयार झालेले काळे कण पेशीच्या शाखांच्या टोकापर्यंत वाहून नेले जातात व तेथून ते केसात शिरतात. या वाहतुकीस मेलॅनोफिलिन नावाचे प्रथिन लागते. त्याचे जनुक बिघडले की कण वाटेतच साचून त्यांचे गठ्ठे बनतात, केसात ते विषम प्रमाणात उतरतात, आणि काळा केस फिकट निळा दिसू लागतो. हे रूपही अप्रभावीच आहे. त्याच्या दोन प्रती असल्याखेरीज रंग दिसत नाही.

गठ्ठ्यांनी भरलेला केस दुबळा असतो. काही कुत्र्यांत तो मुळापाशीच तुटतो, केसांची पुटके विकृत होतात, पाठीवरचे केस विरळ होत जातात आणि उघड्या, कोरड्या त्वचेवर वारंवार फोड व संसर्ग होतात. पिल्लू पहिले काही महिने अगदी गोंडस दिसते. रोगाची सुरुवात बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात होते. त्यावर कायमचा उपाय नाही. निळ्या डॅशहुंड, चिवावा व यॉर्कशायर टेरियर कुत्र्यांत हा विकार पशुवैद्यांच्या चांगलाच परिचयाचा आहे. याउलट व्हायमरानर ही संपूर्ण जातच या जनुकाची, तरीही तिच्यात केसगळती जवळजवळ दिसत नाही. एकच जनुक एका वंशात निरुपद्रवी, तर दुसऱ्या वंशात पीडाकारक ठरते. म्हणून एखाद्या रंगाला सरसकट 'रोगट' म्हणणे जितके धाडसाचे, तितकेच त्याला सरसकट 'निर्दोष' म्हणणेही होय.

'मर्ल' या रंगाविषयी मात्र इतका संदेह नाही. काळ्या अंगावर पाणी शिंपडून मधले भाग फिके व्हावेत तसा हा रंग दिसतो : राखी पार्श्वभूमीवर वेडेवाकडे गडद डाग, आणि कित्येकदा एक डोळा निळा. डॅशहुंड जातीत याला 'डॅपल' म्हणतात. मर्लचे जनुक अप्रभावी नाही. त्याची एक प्रत असली तरी ठिपके उमटतात. २००६ साली असे दिसून आले की, रंगद्रव्य ज्या तंतूंवर साठते ते घडविणाऱ्या जनुकात बाहेरचा एक तुकडा घुसल्यामुळे हा रंग उत्पन्न होतो. मर्ल नर आणि मर्ल मादी यांची जोडी लावली तर सरासरीने चारांपैकी एका पिल्लास दोन प्रती मिळतात. असे पिल्लू बहुतांशी पांढरे असते. त्याचे डोळे अविकसित राहण्याचा, प्रसंगी ते पूर्ण आंधळे होण्याचा संभव असतो, आणि बहिरेपणाचा धोका कितीतरी वाढतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, १५३ मर्ल कुत्र्यांच्या श्रवणपरीक्षणात एक प्रत असलेल्यांपैकी ०.९ टक्के कुत्री दोन्ही कानांनी व २.७ टक्के एका कानाने बहिरी आढळली. दोन प्रती असलेल्यांत हेच प्रमाण अनुक्रमे १५ व १० टक्के होते.

मग मर्लशी मर्ल जुळवू नये, एवढा नियम पुरेसा नाही काय? मोठ्या मेंढपाळी कुत्र्यांच्या जातींत तो बराचसा पुरला, कारण त्यांत मर्ल सहज ओळखता येतो. छोट्या जातींत मात्र एक अडचण आहे. मर्लचे जनुक केवळ काळ्या द्रव्यावर परिणाम करते, तांबड्यावर नाही. संपूर्ण तांबडा किंवा सोनेरी डॅशहुंड वा चिवावा मर्लची प्रत बाळगीत असला तरी अंगावर एकही ठिपका दिसत नाही. अशा साध्या तांबड्या दिसणाऱ्या कुत्रीला ठिपकेदार नराकडे नेणाऱ्या पैदासकारास आपण दोन मर्ल एकत्र आणीत आहो याचा पत्ताही नसतो. पिल्ले जन्मल्यावर तो लागतो.

आंतरराष्ट्रीय श्वानसंघाच्या मानकात चिवावास सर्व रंग मोकळे असून एकट्या मर्लला मनाई आहे, ती यामुळे समजण्याजोगी आहे. ब्रिटनच्या केनेल क्लबनेही २०१० नंतरच्या काही वर्षांत दोन मर्ल आईबापांची पिल्ले नोंदवून घेण्याचे बंद केले.

सगळीच मानके अशा विचाराने लिहिली गेलेली नाहीत. श्वानप्रदर्शनांची प्रथा इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसल येथे सुरू झाली आणि केनेल क्लबची स्थापना १८७३ साली झाली. आनुवंशिकतेचे नियम जगासमोर येण्यास तेव्हा आणखी सत्तावीस वर्षे अवकाश होता. साहजिकच मानक लिहिणारांपुढे डोळ्यांस दिसणारे तेवढेच होते : कानांची ठेवण, पाठीची रेषा, केसांची लांबी, रंग. त्यांनी आवडीनुसार एक रंग निवडला व बाकीचे वर्ज्य केले. याचा एक लाभ निर्विवाद आहे. मानकामुळेच यॉर्कशायर टेरियर दीडशे वर्षांनंतरही यॉर्कशायर टेरियर म्हणून ओळखता येतो. पण वंशाची नोंदवही एकदा बंद झाली की नवे रक्त येत नाही, आणि त्या बंद वर्तुळातूनच रंगासाठी आणखी काही जनावरे वगळली तर वर्तुळ अधिकच आक्रसते. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात २००७ सालापासून यॉर्कशायर टेरियरच्या अंगावरील पांढरा डाग छातीवर एक इंचापेक्षा मोठा असल्यास कुत्रा प्रदर्शनातून बाद होतो. यकृताला वळसा घालून रक्त परस्पर नेणारी जन्मजात सदोष वाहिनी या जातीत इतर जातींच्या मानाने कितीतरी अधिक आढळते. ती परीक्षकाच्या नजरेस पडत नाही आणि तिच्या मोजमापाचा इंच मानकात नाही.

मानकाबाहेरच्या रंगांचा व्यापार करणारे काही अधिक निर्दोष आहेत असेही नव्हे. त्यांच्या जाहिरातींतून 'लायलॅक', 'लॅव्हेंडर', 'इसाबेला' अशी मोहक नावे येतात. यांपैकी लायलॅक म्हणजे तपकिरी आणि निळा या दोन अप्रभावी गुणांचा योग. दोन्ही गुणांच्या वाहक आईबापांपासून असे पिल्लू सोळांत एक या प्रमाणात जन्मते. सोळांत एकाची वाट पाहणे व्यापाऱ्यास परवडत नाही. छोट्या जातीच्या कुत्रीला एका वेताला तीन-चारच पिल्ले होतात. मग बापाशी लेक, भावाशी बहीण असे संबंध घडवून आणले जातात, कारण हवे ते जनुक सख्ख्या नात्यातच खात्रीने सापडते. त्याबरोबर न दिसणारी, न मागितलेली अप्रभावी जनुकेही जोडीने एकत्र येतात. कित्येकदा पिल्लाला घातक ठरतो तो रंग स्वतः नसून तो मिळविण्यासाठी अवलंबिलेला हा मार्ग असतो.

भारतातही अशा पिल्लांस चढी किंमत येते. प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली झालेल्या श्वानपैदासविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नियम योग्यच आहे. पण रंगापुरते पाहिले तर आठ आठवड्यांच्या पिल्लात ग्राहकाला काय दिसते? यॉर्कशायर टेरियर असेल तर त्याचा अंतिम रंग अजून आलेला नसतो. जन्मतः निळे असेल तर केसगळती अजून सुरू झालेली नसते. एका कानाने बहिरे असेल तर ते हाकेला ओ देते आणि दोष ध्यानातही येत नाही. पिल्लाकडे टक लावून पाहण्यापेक्षा त्याच्या आईबापांविषयी चौकशी करणे अधिक फलदायी ठरते : त्यांचे वय काय, परस्परांशी नाते काय, आधीच्या वेतांतील पिल्ले आता कशी आहेत, आणि त्यांची जनुकपरीक्षा झाली आहे काय. ही परीक्षा आता अवघड राहिलेली नाही. गालाच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा फिरवून प्रयोगशाळेकडे पाठविला की निळा, तपकिरी, मर्ल, पांढरी ठिगळे यांपैकी कोणते जनुक किती प्रतींत आहे ते कळते. तांबड्या डॅशहुंडात दडलेला मर्लही तीत उघड होतो. लिटल यांना जे जाणण्यासाठी पिल्लांच्या पिढ्या मोजाव्या लागत, ते आता जोडी लावण्यापूर्वीच ठाऊक होऊ शकते.

ज्या पिल्लापासून येथे आरंभ झाला, त्याच्यासारखी आणखी पिल्ले बीवर दांपत्याने जपली. अप्रभावी गुणाचा एक गमतीचा धर्म असा की तो दोन्ही आईबापांच्या अंगी प्रकट झाला म्हणजे सर्व संततीत उतरतो. प्रभावी गुणाच्या पोटात जसा दुसरा गुण लपून राहतो तसा येथे राहू शकत नाही. त्यामुळे पांढऱ्या-निळ्या-सोनेरी रंगाचा वंश अल्पावधीत स्थिर झाला आणि १९८९ साली जर्मनीतील एका श्वानसंघाने त्याचे मानक मान्य केले. वेर्नर बीवर १९९७ साली निवर्तले. अमेरिकन केनेल क्लबने २०२१ सालच्या जानेवारीत 'बीवर टेरियर' या नावाने ही स्वतंत्र जात म्हणून स्वीकारली. एका मानकाने बाद ठरविलेला पांढरा रंग दुसऱ्या मानकाने आवश्यक ठरविला. नव्या जातीच्या मानकातही मान्य रंगांची यादी आहे, आणि त्या यादीबाहेरचा कुत्रा तेथेही प्रदर्शनातून बाद होतो.